जो–तो ते हू–विच: लेखी इंग्रजीतील संबंधी उपवाक्ये नेमकी कशी लिहावीत

"द मेंबर्स, हू हॅव नॉट पेड देअर मेंटेनन्स, विल नॉट बी अलॉटेड पार्किंग." एका गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर काही वर्षांपूर्वी लागलेले हे वाक्य आहे. ज्या सभासदांनी देखभाल शुल्क भरलेले नाही त्यांना पार्किंग मिळणार नाही, एवढेच लिहिणाऱ्याला सांगायचे होते. कागदावर मात्र असे उतरले की संस्थेच्या सर्व सभासदांनी शुल्क थकवले आहे आणि कोणालाच पार्किंग मिळणार नाही. फलकावर लावण्यापूर्वी तो मसुदा तपासण्यासाठी माझ्याकडे आला होता आणि स्पेलिंग, काळ, क्रियापद सारे जागेवर असल्याचे पाहून मी तो तसाच परत पाठवला होता. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात न चुकता पैसे भरणाऱ्या एका निवृत्त सभासदांनी ती नोटीस फलकासमोर उभे राहून सावकाश वाचली आणि "म्हणजे मीही थकबाकीदार ठरलो का?" असे विचारले. त्यांचा प्रश्न व्याकरणाच्या दृष्टीने अगदी बरोबर होता. दोन स्वल्पविराम काढल्यावर नोटीस दुरुस्त झाली, पण मराठी माणसाच्या इंग्रजीत ही चूक कोठून येते याचा विचार माझ्या मनात तेव्हापासून चालू आहे.

इंग्रजीत ज्याला रिलेटिव्ह क्लॉज म्हणतात त्याला आपण संबंधी उपवाक्य म्हणू. एखाद्या नामाविषयी आणखी काही सांगणारे, हू, हूम, हूज, विच किंवा दॅट या शब्दांनी सुरू होणारे छोटे वाक्य मोठ्या वाक्यात बसवलेले असते, ते हे. मराठीत हेच काम जो आणि तो यांची जोडी उघडपणे, दोन्ही बाजूंना शब्द ठेवून करते. लेखी इंग्रजी ते उपवाक्याच्या जागेकडून आणि स्वल्पविरामाकडून करून घेते. आपल्या बहुतेक चुका या फरकातून येतात आणि माझ्या अनुभवात त्यांवरचा उतारासुद्धा मराठीतच सापडतो. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर आधी मराठी वाक्य नीट पाहायचे आणि मग इंग्रजीकडे वळायचे, असा क्रम मी ठेवला आहे.

पहिली पायरी: तो आणि त्याचा स्वल्पविराम मागे सोडा

"ज्याच्या हाती ससा तो पारधी" ही म्हण घ्या. ज्याच्या हा शब्द ऐकला की मराठी कान तो ची वाट पाहू लागतो आणि तो आला नाही तर वाक्य लंगडे वाटते. शिवाय मराठीत संबंधी भाग सहसा आधी येतो आणि मुख्य वाक्य नंतर. इंग्रजीत आधी नाम येते, त्याला लगटून उपवाक्य येते आणि मग मुख्य क्रियापद. तो साठी तेथे जागाच नसते.

"काल जे गृहस्थ आले होते ते माझे मामा आहेत" हे वाक्य इंग्रजीत नेताना पुष्कळ जण "द जंटलमन हू केम यस्टरडे, ही इज माय अंकल" असे लिहितात. यातील ही म्हणजे आपले ते. तो काढावा लागतो हे बहुतेकांना शाळेत कळलेले असते, पण काढल्यानंतर त्याच्या आधीचा स्वल्पविराम तसाच राहतो: "द जंटलमन हू केम यस्टरडे, इज माय अंकल." मराठीत जेथे आपण श्वास घेतो तेथे हा स्वल्पविराम पडतो, आणि लेखी इंग्रजीत तो कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये भिंत उभी करतो. शुद्ध वाक्य एका दमाचे आहे: "द जंटलमन हू केम यस्टरडे इज माय अंकल." चांगले इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या मजकुरातही मला हा एक स्वल्पविराम वारंवार भेटतो, म्हणून त्याकडे मी सर्वांत आधी लक्ष वेधतो.

दुसरी गफलत उपवाक्याच्या आत होते. "आय हॅव रेड द रिपोर्ट विच यू सेंट इट यस्टरडे" या वाक्यातील इट नको आहे. हे टाळण्याची खात्रीची रीत म्हणजे आधी दोन सुटी वाक्ये लिहिणे: "आय हॅव रेड द रिपोर्ट. यू सेंट द रिपोर्ट यस्टरडे." दोन्हींत समान असलेले नाम शोधावे, दुसऱ्या वाक्यातील त्या नामाच्या जागी विच ठेवावे, विचला उचलून त्या वाक्याच्या सुरुवातीला आणावे आणि हा सगळा तुकडा पहिल्या वाक्यातील नामाच्या मागे चिकटवावा. सेंटच्या पुढे जी जागा मोकळी झाली ती मोकळीच राहिली पाहिजे. विच तेथूनच उठून आला आहे, त्यामुळे त्या जागी दुसऱ्या कोणाला बसवता येत नाही.

ही दोन सुट्या वाक्यांची रीत बाळबोध वाटेल, परंतु पुढील प्रत्येक शंकेचे उत्तर त्या दुसऱ्या वाक्यातच मिळते. तीस शब्दांच्या वाक्यात अडकल्यावर मी आजही समासात ती दोन वाक्ये लिहून पाहतो.

दुसरी पायरी: सर्वनाम आणि प्रीपोझिशन दुसऱ्या वाक्यातून काढा

मराठीतील संबंधी सर्वनाम लिंग, वचन आणि विभक्ती या तिन्हींप्रमाणे बदलते: जो, जी, जे, ज्या, ज्याने, ज्याला, जिच्या, ज्यांत. त्या मानाने इंग्रजीचा पसारा अगदी लहान आहे. माणसांसाठी हू, वस्तू आणि प्राणी यांसाठी विच, दोन्हींसाठी चालणारा दॅट, मालकी दाखवणारा हूज आणि औपचारिक लेखनातील हूम. ही वाटणी पूर्वीपासून अशीच नव्हती. 1611 साली छापल्या गेलेल्या इंग्रजी बायबलमध्ये प्रार्थनेतील पित्यासाठी "विच आर्ट इन हेवन" असे शब्द आहेत, म्हणजे तेव्हा माणसासाठी किंवा देवासाठी विच वापरण्यात काही गैर नव्हते. आजच्या लेखनात ते चालत नाही.

हू की हूम हे ठरवताना मराठी विभक्तीवर विसंबू नये. ज्याला म्हणजे हूम असे समीकरण अनेकांच्या डोक्यात पक्के बसलेले असते आणि "ज्याला मी ओळखतो तो डॉक्टर" येथे ते जुळतेही: "अ डॉक्टर हूम आय नो." पण "ज्याला मराठी येते असा उमेदवार हवा" या वाक्यात ज्याला आहे म्हणून हूम लिहिले तर वाक्य बिघडते. इंग्रजीत ते दुसरे वाक्य "ही नोज मराठी" असे आहे, म्हणून "अ कँडिडेट हू नोज मराठी" हेच बरोबर. सुट्या वाक्यात ही किंवा शी असेल तर हू, आणि हिम किंवा हर असेल तर हूम. मराठीत मला भूक लागते, मला आठवते, मला पोहता येते अशी कितीतरी वाक्ये आहेत, ज्यांत ला हा प्रत्यय असूनही इंग्रजीत तो माणूस कर्ता होतो. या सगळ्या ठिकाणी ही फसगत टपून बसलेली असते.

मध्ये "आय थिंक" किंवा "वी बिलिव्ह" आले की सावध असणारेसुद्धा चुकतात. "द कँडिडेट हूम आय थिंक विल विन" हे भारदस्त दिसते, पण सुटे वाक्य "आय थिंक ही विल विन" असे असल्यामुळे तेथे हूच हवा. हूम लिहिल्याने वाक्य आपोआप औपचारिक होत नाही. शंका असेल तेव्हा हू लिहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हूज वस्तूंसाठीही चालतो. "अ हाउस हूज रूफ लीक्स" हे निर्दोष इंग्रजी आहे. ते टाळण्यासाठी "अ हाउस द रूफ ऑफ विच लीक्स" असे अवघडलेले वाक्य लिहिण्याची गरज नाही.

आता प्रीपोझिशन. मराठीत ज्या घरात, ज्या विषयावर, ज्या कंपनीसाठी असे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटलेली असतात, त्यामुळे नाम पुढे गेले की तीही बरोबर जातात. इंग्रजीत नाम उपवाक्याच्या बाहेर निघून जाते आणि इन, ऑन, फॉर मागे राहते किंवा हरवते. "द हाउस विच आय लिव्ह" आणि "द कंपनी विच आय वर्क" ही त्या हरवण्याची उदाहरणे आहेत. सुटे वाक्य "आय लिव्ह इन द हाउस" असे आहे, तेव्हा इन कोठेतरी दिसलाच पाहिजे. तो विचच्या आधी ठेवता येतो, "द हाउस इन विच आय लिव्ह", किंवा शेवटी, "द हाउस विच आय लिव्ह इन". अर्ज, अहवाल आणि करार यांत पहिले रूप अधिक शोभते, आणि ज्यात–ज्यावर ची सवय असलेल्या आपल्याला ते सोपेही जाते. दोन्हीकडे इन लिहिणे ही चूक आहे, तसेच "इन दॅट आय लिव्ह" हीसुद्धा, कारण प्रीपोझिशनच्या लगेच मागे संबंधी दॅट येत नाही.

याच्या उलट, जेथे प्रीपोझिशन नको तेथेही ती येऊन बसते. "द टॉपिक विच वी डिस्कस्ड अबाउट" हे आपल्याकडील सभावृत्तांतातले नेहमीचे वाक्य आहे. आपण विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून अबाउट सुचते. इंग्रजी डिस्कसला ते लागत नाही. सुटे वाक्य "वी डिस्कस्ड द टॉपिक" असेच आहे.

जागा दाखवणारे नाम दिसले की व्हेअर लिहावा, ही समजूतही अशीच तपासून पाहावी. "द स्कूल व्हेअर आय स्टडीड" बरोबर आहे, कारण तेथे "इन द स्कूल" शिकलो. पण "द स्कूल विच आय व्हिजिटेड" हेही तितकेच बरोबर, कारण व्हिजिटच्या पुढे इन येत नाही. शाळा तीच, निर्णय मात्र सुट्या वाक्याचा.

तिसरी पायरी: हे उपवाक्य निवडते की भर घालते?

येथे थोडे थांबायला हवे, कारण सूचनाफलकावरची ती नोटीस येथेच बिघडली होती. संबंधी उपवाक्ये दोन प्रकारची असतात. काही उपवाक्ये अनेकांतून नेमके कोण ते निवडतात, आणि काही उपवाक्ये आधीच ओळख पटलेल्या व्यक्तीबद्दल किंवा वस्तूबद्दल माहितीची भर घालतात. निवडणाऱ्या उपवाक्याला स्वल्पविराम लागत नाही. भर घालणाऱ्याला दोन्ही बाजूंनी लागतात. उच्चारात हा फरक थांबण्याने आणि सुराने कळतो. कागदावर सूर नसतो, म्हणून अर्थाचा सगळा भार त्या दोन छोट्या खुणांवर पडतो.

"माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे इज अ नर्स" असे लिहिले की वाचणारा समजतो, या माणसाला एकाहून अधिक भाऊ आहेत आणि त्यांपैकी पुण्यातल्याविषयी तो बोलत आहे. "माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन पुणे, इज अ नर्स" असे लिहिले की भाऊ एकच, आणि तो पुण्यात राहतो ही जाता जाता दिलेली माहिती. वारसाहक्काच्या कागदपत्रात किंवा व्हिसाच्या अर्जात या फरकाचे परिणाम होऊ शकतात.

हा निर्णय करण्यासाठी मी मराठीची कसोटी वापरतो. मनातला आशय "जे … त्यांनाच" किंवा "जो … तोच" या साच्यात सांगता येत असेल तर उपवाक्य निवडणारे आहे: ज्यांनी शुल्क भरलेले नाही त्यांनाच पार्किंग नाही. येथे च घालता आला, म्हणून स्वल्पविराम नको. याउलट आशय "आणि तो" असा जोडून किंवा सरळ दोन वाक्यांत सांगणे अधिक सहज वाटत असेल तर उपवाक्य भर घालणारे आहे: माझा भाऊ पुण्यात राहतो, तो नर्स आहे. मराठीचा मूळ कल भर घालण्यासाठी जो न वापरण्याकडेच आहे. "माझा भाऊ, जो पुण्यात राहतो, तो नर्स आहे" अशी वाक्ये अलीकडे भाषांतरित मजकुरात बरीच दिसतात, पण घरात कोणी असे बोलत नाही. मराठीची ही जुनी सवय जपणाऱ्याला इंग्रजीतला स्वल्पविरामही लवकर साधतो, असे मला वाटते.

विशेषनामांच्या मागे बहुधा भर घालणारेच उपवाक्य येते, कारण नाव घेतले की निवड झालेली असते: "नागपूर, विच इज नोन फॉर इट्स ऑरेंजेस, …". आई, सूर्य, मुख्याध्यापक अशा त्या संदर्भात एकच असणाऱ्यांचेही तसेच. आणि स्वल्पविराम उघडला की तो बंदही करावा लागतो. "माय मदर, हू टॉट मॅथमॅटिक्स रिटायर्ड लास्ट इयर" यात टॉटपासून रिटायर्डपर्यंत वाचणारा ठेचकाळतो, कारण मॅथमॅटिक्सच्या मागची दुसरी खूण राहून गेली आहे.

दॅट आणि विच यांच्यातील प्रसिद्ध वादाचा संबंधही येथेच येतो. भर घालणाऱ्या उपवाक्यात, म्हणजे स्वल्पविरामानंतर, दॅट वापरत नाहीत. यावर एकमत आहे असे म्हणता येईल. निवडणाऱ्या उपवाक्यात विच चालतो की फक्त दॅटच, यावर मतभेद आहेत. हेन्री वॉटसन फाउलर यांनी 1926 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शब्दवापर-कोशात सुचवले की निवडण्यासाठी दॅट आणि भर घालण्यासाठी विच अशी वाटणी झाली तर फार सोयीचे होईल. बहुसंख्य किंवा उत्तम लेखक तसे करतात असा दावा मात्र त्यांनी केला नाही. अमेरिकेतील संपादकांनी ती सूचना नियमासारखी उचलली, ब्रिटिश लेखनात निवडणारा विच सर्रास चालत राहिला. आपल्याकडचे शालेय आणि सरकारी इंग्रजी ब्रिटिश वळणाचे असल्यामुळे "द रिपोर्ट विच यू सेंट" येथे चुकीचे नाही. अमेरिकी नियतकालिकाला किंवा कंपनीला लिहिताना दॅट वापरावा. दोन्हीकडे चालेल असे लिहायचे असेल तर वस्तूंसाठी निवडताना दॅट आणि भर घालताना स्वल्पविरामासह विच ही सवय लावून घ्यावी. मी स्वतः तेच करतो.

याच पायरीवर "त्यांपैकी काही" या मराठी शब्दांमुळे होणारी एक चूक पाहू. "द सोसायटी हॅज 40 मेंबर्स, सम ऑफ देम आर टेनंट्स" यात दोन स्वतंत्र वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडली गेली आहेत आणि लेखी इंग्रजीत तो दोष मानतात. देमच्या जागी हूम ठेवला की दुसरे वाक्य उपवाक्य बनते: "द सोसायटी हॅज 40 मेंबर्स, सम ऑफ हूम आर टेनंट्स." वस्तू असतील तर "सम ऑफ विच". बोलण्यात हूम जवळजवळ लोपला असला तरी लेखनातील या जागी त्याच्यावाचून चालत नाही.

चौथी पायरी: नुसता जे

मराठीतला जे कधी नामासह येतो, कधी एकटा. नामासह आला तर विच किंवा दॅट, आणि एकटा आला तर बहुधा व्हॉट. "तुम्ही जे सांगितलेत ते मला पटले" याचे "व्हॉट यू सेड कन्व्हिन्स्ड मी" असे होते. व्हॉटच्या पोटात "द थिंग दॅट" हे सगळे आधीच सामावलेले असते, म्हणून त्याच्या आधी दुसरे नाम किंवा सर्वनाम ठेवता येत नाही. "एव्हरीथिंग व्हॉट यू सेड" आणि "ऑल व्हॉट आय नो" या आपल्याकडच्या नेहमीच्या चुका आहेत. एव्हरीथिंग, ऑल, नथिंग, ओन्ली आणि "द बेस्ट" सारख्या विशेषणांनंतर दॅट घ्यावा. "ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड" ही म्हण प्रत्येकाने शाळेत पाठ केलेली असते. ऑलनंतर काय घ्यायचे असा प्रश्न पडला की ती आठवावी.

माणसांसाठी असाच एकटा येणारा शब्द म्हणजे हूएव्हर, आपला जो कोणी. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कितीतरी कलमे याच शब्दाने सुरू होतात आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या इंग्रजी पाठातही तो टिकून आहे. खुनाच्या शिक्षेचे कलम "हूएव्हर कमिट्स मर्डर शॅल बी पनिश्ड" असे सुरू होते. मर्डर आणि शॅल यांच्यामध्ये ना ही आहे, ना स्वल्पविराम. पहिल्या पायरीवर सांगितलेली गोष्ट इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे वाक्य मला माहीत नाही.

"ज्याला जे हवे त्याने ते घ्यावे" अशी दोन जो एकाच वाक्यात घेण्याची सोय मराठीत आहे. इंग्रजीत दोन संबंधी सर्वनामे अशी शेजारी ठेवता येत नाहीत. तेथे एक जो मोडून सरळ कर्ता करावा लागतो: "एव्हरीवन शुड टेक व्हॉट दे वॉन्ट."

पाचवी पायरी: जेथे शक्य तेथे आखडा

उपवाक्यातील क्रियापदाला स्वतःचा वेगळा कर्ता असेल तर हूम, विच किंवा दॅट गाळता येतो: "द बुक आय बॉट". सर्वनाम स्वतःच कर्ता असेल तर ते गाळता येत नाही, आणि भर घालणाऱ्या उपवाक्यातून ते कधीच गाळायचे नसते. औपचारिक लेखनात कर्ता लांबलचक असेल तर दॅट ठेवलेला बरा, म्हणजे उपवाक्य कोठे सुरू झाले ते वाचणाऱ्याला लगेच कळते.

याहून उपयोगी आखडण्याची रीत मराठीच्या -णारा आणि -लेला या रूपांशी नाते सांगते. "भाड्याच्या घरात राहणारे लोक" म्हणजे "पीपल लिव्हिंग इन रेंटेड हाउसेस", आणि "समितीने मंजूर केलेला आराखडा" म्हणजे "द प्लॅन अप्रूव्ह्ड बाय द कमिटी". -णारा ला आयएनजी आणि सकर्मक क्रियापदाच्या -लेला ला भूतकालवाचक धातुसाधित, असा मेळ बसतो. पण हा मेळ तीन ठिकाणी तुटतो आणि ती तीन ठिकाणे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहेत. "काल आलेला माणूस" यात येणे अकर्मक आहे. इंग्रजीत त्याचे आखडलेले रूप होत नाही, "द मॅन हू केम यस्टरडे" असे पूर्णच लिहावे लागते. "द मॅन कमिंग यस्टरडे" हे चुकीचे आहे. फॉलन, रिटायर्ड असे मोजके शब्द तेवढे अपवाद आहेत. दुसरे, "खिडकीजवळ बसलेली बाई" किंवा "झोपलेले मूल" यांत -लेला असूनही अवस्था चालू आहे, म्हणून इंग्रजीत सिटिंग आणि स्लीपिंग. तिसरे, "रेशनकार्ड असणाऱ्या व्यक्ती" याचे "पर्सन्स हॅविंग रेशन कार्ड्स" हे कचेऱ्यांमध्ये रुळलेले भाषांतर जड आहे. "पीपल विथ रेशन कार्ड्स" म्हटले की उपवाक्याची गरजच उरत नाही.

सहावी पायरी: उपवाक्य नेमके कोणाला चिकटले आहे ते पाहा

मराठीत जो अहवाल … तो अहवाल असे नाम पुन्हा उच्चारता येते, म्हणून दुरून बोलले तरी गोंधळ होत नाही. इंग्रजी उपवाक्य सहसा आपल्या शेजारच्या नामाला चिकटते. "ही गेव्ह अ स्पीच इन द न्यू हॉल दॅट लास्टेड थ्री अवर्स" यात तीन तास टिकलेले सभागृह दिसू लागते. "इन द न्यू हॉल, ही गेव्ह अ स्पीच दॅट लास्टेड थ्री अवर्स" असे हलवले की भाषण आपल्या जागी येते.

विच कधी कधी एका नामाऐवजी मागच्या अख्ख्या वाक्याकडे बोट दाखवतो: "शी पास्ड द एक्झाम, विच सरप्राइज्ड हर टीचर्स." येथे स्वल्पविराम अनिवार्य आहे, आणि आश्चर्य परीक्षेचे नसून उत्तीर्ण होण्याचे आहे हे वाचणाऱ्याला ताडावे लागते. संदिग्धता राहत असेल तर पूर्णविराम देऊन "दिस रिझल्ट" असे नाव घेऊन नवे वाक्य सुरू करावे.

क्रियापदाचे वचन ठरवायलाही मराठी मदतीला येते. "शी इज वन ऑफ द टीचर्स हू टीच इन द नाइट स्कूल" येथे टीच की टीचेस? मराठीत म्हणून पाहा: जे शिक्षक रात्रशाळेत शिकवतात त्यांच्यापैकी ती एक. शिकवतात, म्हणून टीच. "द ओन्ली वन" असे असेल तर जी एकटी शिकवते ती, म्हणून टीचेस.

एक वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत

एका गावाच्या पाणीपुरवठ्यावरील टिपणात हे वाक्य होते: "आमच्या गावातील ज्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यातही आटत नाही ती विहीर 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामावर असलेल्या मजुरांनी खोदली, त्यांपैकी काही जण आजही गावात राहतात." लिहिणाऱ्या तरुणाने केलेला इंग्रजी मसुदा असा: "इन आवर व्हिलेज विच वेल्स वॉटर डज नॉट ड्राय इन समर ऑल्सो, दॅट वेल वॉज डग इन द ड्रॉट ऑफ 1972 बाय द लेबरर्स हू वेअर वर्किंग ऑन रिलीफ वर्क, सम ऑफ देम आर स्टिल लिव्हिंग इन द व्हिलेज."

प्रथम ज्या विहिरीचे … ती विहीर ही जोडी सोडवून नाम एकदाच आणि आधी ठेवले. हूज वापरून "द वेल इन आवर व्हिलेज हूज वॉटर" असे लिहून पाहिले, पण हूज शेजारच्या व्हिलेजला चिकटू लागला आणि पाणी गावाचे की विहिरीचे असा प्रश्न उभा राहिला. म्हणून पाण्याला बाजूला ठेवून विहिरीलाच कर्ता केले: "दॅट डज नॉट रन ड्राय". हू वेअर वर्किंग आखडून "एम्प्लॉइड ऑन रिलीफ वर्क्स" झाले. सम ऑफ देमचे सम ऑफ हूम झाले, आणि वर्क्स शेजारी असले तरी हूम माणसांनाच लागू पडत असल्याने गोंधळ उरला नाही.

राहिला स्वल्पविराम. "रन ड्राय" हे उपवाक्य विहीर निवडते की तिच्याविषयी भर घालते, हे नुसते वाक्य पाहून मला ठरवता येईना. मी त्या तरुणाला फोन करून विचारले, "गावात विहिरी किती?" तो म्हणाला, "चार आहेत, सर. पण मे महिन्यात पाणी असतं ते फक्त देवळामागच्या विहिरीला." मग वाक्य असे झाले: "द ओन्ली वेल इन आवर व्हिलेज दॅट डज नॉट रन ड्राय इन समर वॉज डग ड्यूरिंग द ड्रॉट ऑफ 1972 बाय लेबरर्स एम्प्लॉइड ऑन रिलीफ वर्क्स, सम ऑफ हूम स्टिल लिव्ह इन द व्हिलेज." विहीर एकच असती, तर दॅटच्या जागी विच घेऊन त्याच्या आधी आणि समरच्या नंतर एकेक स्वल्पविराम द्यावा लागला असता आणि ओन्ली हा शब्द खोडावा लागला असता.